फाटकाबाहेरचा मांडव

मांडव आत घालायचा होता, मी बाहेर घातला.

आत म्हणजे चर्चच्या आवारात. तिथे लढाईत आपला विजय व्हावा म्हणून मोठी प्रार्थनासभा व्हायची होती आणि तिची ऑर्डर माझ्याकडे होती. बाहेर म्हणजे फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला. तिथे त्याच प्रार्थनेला विरोध म्हणून तीन म्हाताऱ्या आणि एक बहिरे गुरुजी तोंडातून अवाक्षर न काढता बसत. चौतीस वर्षं मी मांडव घालतो आहे. पूर्व-पश्चिम मला कळते. आत आणि बाहेर तर शाळेत न जाताही कळतं. तरी दोनशे एक खुर्च्या, चार कूलर, दोन भोंगे आणि पाण्याचे सहा पितळी गुंड एवढं सामान नेऊन मी सरळ विरोधकांच्या डोक्यावर सावली धरली.

गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात माझ्या खुर्च्या अजून जातात.

या अंकाच्या संपादकांनी मला 'व्यवसायातील प्रेरणादायी प्रसंग' लिहायला सांगितलं होतं. मी आठवडाभर आठवून पाहिलं. प्रेरणा मिळेल असं काही सापडलं नाही, चुका मात्र पोतंभर निघाल्या. त्यातली सगळ्यात मोठी लिहितो आहे.

आमच्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. पुण्याकडच्या एका पाहुण्याने सानगडीतली माझी पाटी वाचून विचारलं होतं, "गाद्या शिवता का?" गाद्या शिवत नाही. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो की पुढाऱ्याची सभा, लोकांना बसायला, खायला, हवा घ्यायला आणि ओरडायला जे जे लागतं ते आम्ही भाड्याने देतो. सतरंज्या, खुर्च्या, कनाती, भांडी, कूलर, भोंगा, जनरेटर. माणसं तेवढी गिऱ्हाइकाने आणायची. आमच्या धंद्याला जात नाही, धर्म नाही, पक्ष नाही. असं मी अभिमानाने सांगतो. बायको म्हणते, "कणा बी नाही म्हणा."

चुका म्हणाल तर आंधळगावला एका कोशा रेशमाच्या व्यापाऱ्याच्या तेरवीला मी घाईत लग्नाची कमान पाठवली. तिच्यावर दिव्यांच्या माळेत 'स्वागतम्' चमकत होतं. मेलेला माणूस स्वभावाने असा होता की कमान पाहून नातेवाईक हसले आणि कुणी ती काढायला सांगितली नाही. कोंढ्याला पाण्याच्या प्रश्नावर एका पुढाऱ्याची सभा होती. माझ्या कूलरची जाळी निसटली आणि त्यांच्या पाठीवर तासभर फवारा उडत राहिला. त्या सभेतून कोंढ्याला मिळालेलं पाणी तेवढंच.

पण या झाल्या हाताच्या चुका. चर्चची चूक धंद्याच्या सवयीतून झाली, म्हणून ती सवय आधी समजून घ्या. मांडव उभा राहतो लाकडी बल्ल्यांवर आणि बल्ल्या उभ्या राहतात खड्ड्यांत. मे महिन्यात आमच्याकडची जमीन अशी होते की सब्बल, म्हणजे पहार, मारली तर ठिणगी उडते. एका खड्ड्याला अर्धा तास जातो आणि तळहाताला फोड येतात. म्हणून कुठल्याही गावात शिरलो की बिछायतवाल्याची नजर आधी खाली जाते. मागच्या मांडवाचे खड्डे कुठे आहेत? ते सापडले की त्यातली माती उकरायची, बल्ली सोडायची, दगडाची पाचर ठोकायची, झालं काम. आमच्यासाठी जुना खड्डा म्हणजे साक्षात कृपा. बहुतेकांच्या पायाखाली खड्डा येतो. माझ्या डोळ्यांत आला.

आता लढाईकडे येतो. त्या उन्हाळ्यात सीमेवर गरमागरमी सुरू झाली. टीव्हीवरचे लोक रोज संध्याकाळी जेवणाआधी शत्रूची दोन शहरं घेत. लग्नं संपत आली की आमचा हंगाम बसतो, पण त्या वर्षी बसला नाही. सगळ्या देवस्थानांना एकदम विजयाची घाई झाली.

आधी मंदिरात विजययज्ञ झाला. खुर्च्या दोनशे, माझ्याच. त्यात सुक्या लाल मिरच्यांची आहुती होती, शत्रूच्या नाकातोंडात धूर जावा म्हणून. शत्रू कुठल्या कुठे होता, खोकलो आम्ही. पहिल्या रांगेतले ट्रस्टी डोळे पुसत बाहेर आले, तेव्हा लोकांना वाटलं, भक्तीने भरून आलं.

मग आमच्या विहाराच्या कमिटीला जाग आली. मी बौद्ध घरातला, तेव्हा घरचं झाकून ठेवणं बरं नाही. आधी पंचशील झालं. त्यातलं पहिलंच शील, जीव घेणार नाही. ते आम्ही सगळ्यांनी हात जोडून म्हटलं आणि लगेच अध्यक्षांनी उठून, शत्रूचं पोट्टंसुद्धा शिल्लक राहू नये, असं भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. मग सर्व प्राणिमात्र सुखी होवोत म्हणून खीर वाटली. खुर्च्या माझ्या होत्या आणि खीर मीही दोन वाट्या खाल्ली, त्यामुळे याच्यापुढे मला बोलायला तोंड नाही.

राहिलं होतं चर्च. तिथले सेक्रेटरी सालोमन बाबू एका सकाळी मोटारसायकलवर माझ्या दुकानी आले. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, खिशाला अजून तीन पेनं.

"मंदिरात किती खुर्च्या होत्या तुमच्या?"

"दोनशे."

"आपल्याकडे दोनशे एक पाहिजेत."

"बाबू, तुमची माणसं किती?"

"माणसं ऐंशी आहेत. प्रश्न माणसांचा नाही, देशप्रेमाचा आहे."

मी हसलो, पण जपून हसलो. चाळीस घरांची वस्ती त्यांची. टीव्हीवर लढाई सुरू झाली की लहान वस्तीला आपलं देशप्रेम धुऊन सगळ्यांना दिसेल असं दोरीवर वाळत घालावं लागतं. हे मला माझ्या घरावरून ठाऊक आहे. बाबूंनी सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं होतं, मंदिराचे ट्रस्टीही आणि आमचे अध्यक्षही. पाहुणे म्हणून शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार यायचे होते. चर्चमध्ये ऐंशीच्या वर माणूस मावत नाही, म्हणून आवारात मांडव. रविवारी सकाळी दहाला.

बुधवारी मी जागा पाहायला गेलो. फाटकाजवळच्या घरातून हाक आली, "प्रल्हाद, इकडं ये रे!"

या मार्था सिस्टर. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, आता ऐंशीच्या घरात. तालुक्यातली अर्धी माणसं त्यांनी उलटी धरून रडवलेली आहेत. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातची.

"मोठा पोट्टा कसा आहे?"

"बरा आहे जी सिस्टर. दुकान आता तोच पाहते."

"पायाळू होता. तवाच समजलं होतं मले, ह्या घरात सरळ काही येत नाही."

चर्चच्या विरोधात बसणाऱ्या त्या याच. विरोधाची रीत साधी होती. मागच्या दोन रविवारी उपासनेत विजयाची प्रार्थना सुरू झाली की सिस्टर उठत, काठी टेकत बाहेर जात आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसत. हातात सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर, जखमेला लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याने लिहिलेलं: 'देवाला लढाईत ओढू नका.' घोषणा नाही, भाषण नाही. त्यांच्या मागून शेजारच्या दोघी जाऊन बसल्या. ढोमणे गुरुजी चर्चचे नव्हेत, पण कुठेही अन्याय झाला की जाऊन बसतात. काय अन्याय झाला ते त्यांना ऐकू येत नाही.

सिस्टरचा नातू फौजेत होता, सीमेवरच. मुलगा-सून आधीच गेले, वाढवला यांनीच. मी म्हटलं, "सिस्टर, तुमचाच नातू तिथं आहे. त्याच्यासाठीच तर प्रार्थना करून राहिले हे लोक."

"नऊ दिवस झाले, त्याचा फोन नाही," त्या म्हणाल्या. "मी देवाले म्हणतो, माहा पोट्टा वापस आन. हे आत बसून म्हणते, त्यायचे पोट्टे मार. तिकडं बी कोनी बुढी बसून हेच म्हनत असन. आन् देवानं दोघींचं बी आयकलं तं?"

याचं उत्तर माझ्या दुकानात भाड्याने मिळण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी पदराखालून कमिटीचा कागद काढला. टाइप केलेला, खाली बाबूंची सही. भाषा अशी की वाचतानाच उभं राहावंसं वाटावं. मतलब एवढाच: येत्या रविवारी प्रार्थनासभेच्या वेळी जे सभासद विरोध म्हणून फाटकाबाहेर बसलेले आढळतील, त्यांची नावं सभासदांच्या वहीतून कमी केली जातील.

"नाव कमी झाल्यानं काय होते?" मी विचारलं.

त्यांनी मला चर्चच्या मागे नेलं. छोटं कब्रस्तान आहे तिथे, कडुनिंबाखाली. त्यांचे यजमान शांतवन मास्तर तिथे आहेत. एकच दगड, रुंद. डाव्या अर्ध्या भागावर मास्तरांचं नाव कोरलेलं, उजवा अर्धा कोरा.

"वहीत नाव असन त्यालेच इथं माती भेटते. नाव गेलं तं मी गावाच्या मसनवट्यात, आन् मास्तर इथं एकटे." काठीने त्यांनी कोऱ्या भागावरचं पान बाजूला सारलं. "दगड आम्ही दोघायनं मिळून घेतला होता, एकोणीस वर्सं झाले."

"मग नका बसू जी ह्या रविवारी."

"बसतो ना. मास्तर असते तं बसले असते. पन एक काम कर. मले एक खुर्ची दे. तो गोटा लय तपते आन् गुडघे राह्यले नाहीत."

त्या वेळी सालोमन बाबू चर्चच्या कोपऱ्यावर उभे राहून आमच्याकडेच पाहत होते. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची नजर पाठीला कळते.

"सिस्टर, खुर्च्या सगळ्या बुक आहेत," मी म्हटलं.

"किती?"

"दोनशे एक."

"आन् मानसं?"

"ऐंशी."

"मंग एकशे एकवीस खुर्च्यायवर कोन बसन? देवदूत?"

"ऑर्डर आहे ना जी..."

"बरं बापा," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत घरात गेल्या.

चौतीस वर्षांत मी हजारो खुर्च्या दिल्या. चोरीला गेल्या, मोडल्या, जळल्या, एक तर तलावात सापडली. कुठल्याच खुर्चीची मला खंत नाही. ही एक न दिलेली तेवढी टोचते.

शनिवारी दुपारी सामान घेऊन आम्ही पोचलो. आम्ही म्हणजे मी आणि फागू. फागू माझ्याकडचा सगळ्यात जुना मजूर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मला मालक म्हणतो आणि मालकासारखं वागतो मात्र तो. ऊन असं की लोखंडी खुर्चीला हात लावला तर हाताची रेषा बदलावी. आवारात सब्बल मारली. ठण्‌! खाली मुरूम. दुसरीकडे मारली. ठण्‌! एका बोटभर खड्ड्याला दहा मिनिटं गेली आणि असे अठरा खड्डे करायचे होते.

घाम पुसायला म्हणून मी फाटकाबाहेर आलो आणि मला ते दिसले. दोन सरळ ओळी, नऊ आणि नऊ, मातीने भरलेले, अंतर माझ्या बल्ल्यांच्या मापाचं. आठच दिवसांपूर्वी समोरच्या घरी लग्न होतं, तो मांडव माझाच. माझे खड्डे मला ओळखू आले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"फागू, सामान बाहेर घे."

फागूने खड्ड्यांकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "मालक, हे तं फाटकाभायेर आहे."

"मग काय झालं? भिंतच तर आहे मधात. लोकायले पाच पावलं चालता येते."

"सभा आत आहे, आन् मांडो भायेर?"

"अरे, आवाज भिंतीवरून जातो. तू खड्डे उकर."

त्या दगडावर कोण बसतं, कशासाठी बसतं, बाबूंचा कागद काय म्हणतो, हे सगळं मला तीन दिवसांपूर्वी सांगून झालेलं होतं. मी दुसरा कुणी असतो तर आठवलं असतं. पण समोर अठरा तयार खड्डे असताना बिछायतवाल्याला दुसरं काही आठवत नाही. अडवायला बाबूही नव्हते. फ्लेक्स छापून आणायला भंडाऱ्याला गेले होते आणि मुक्काम मुलीकडे. चर्चचे पाद्री, म्हणजे पाळकसाहेब, यांनी खिडकीतून पाहिलं. कमिटीने ठरवलं असेल असं समजून त्यांनी खिडकी लावून घेतली. दिवस मावळायच्या आत मांडव झकास उभा राहिला. हिरवी जाळी, वर पांढऱ्या कापडाची चांदणी, चार कोपऱ्यांना चार कूलर. फागूला तिथेच मुक्कामाला ठेवून मी घरी आलो आणि समाधानाने झोपलो.

रविवारी सव्वाआठला पोचलो, तर पहिल्या रांगेत, कूलरसमोर, मार्था सिस्टर बसलेल्या. मांडीवर पुठ्ठा. शेजारी दोघी बाया आणि ढोमणे गुरुजी. आजूबाजूला चहाच्या टपरीवरचे दहा-बारा लोक. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फार मोठा उजेड नाही, पण फागूकडे ओरडून "आटप, हलव!" म्हणण्यापुरता पडला होता. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात सिस्टर उठल्या आणि भर रस्त्यात त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पाहा रे सगळे! मी ह्याले एक खुर्ची मांगतली होती. ह्यानं दोनशे एक आनल्या, वरून सावली, वरून कूलर! देव तुह्यं भलं करो प्रल्हाद."

टपरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी काय झालं ते विचारलं आणि न ऐकता टाळ्या वाजवल्या. उघडलेलं तोंड मी मिटलं. सत्य बोलायची एक वेळ असते, ती माझ्या अनुभवात नेहमी पाच सेकंदांची असते.

साडेनऊला सालोमन बाबू फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेऊन बसमधून उतरले. आधी त्यांना आवार रिकामं दिसलं, मग मांडव दिसला, मग मांडवात पुठ्ठा दिसला.

"हे काय आहे? हलवा! आत्ताच्या आत्ता हलवा!"

"बाबू, मांडव हलवायला तीन तास..."

"मग खुर्च्या आत न्या!"

फागू शांतपणे म्हणाला, "आत वरता काई नाही जी. नुस्तं ऊन आहे. लोकायले काय पापडासारखे वाळू घालता?"

तोवर लोक यायला लागले होते. मंदिराचे ट्रस्टी आले, आमचे अध्यक्ष आले, चर्चची कुटुंबं पांढऱ्या कपड्यांत आली. आणि दहाला दहा मिनिटं असताना नेहमीप्रमाणे लाइन गेली. चर्चमधले पंखे बंद. जनरेटर माझा, त्याची तार मांडवात. कूलर मांडवात, पाण्याचे गुंड मांडवात. मे महिन्यात माणूस आधी सावली पाहतो, मग ती कुणाच्या बाजूची आहे ते विचारतो. अर्ध्या तासात दोनशे खुर्च्या भरल्या. त्यांच्यासमोर, पहिल्या रांगेत मधोमध, जांभळ्या अक्षरांचा पुठ्ठा.

बाबू एकेकाचा हात धरून, "उठा, आत चला, हा विरोधाचा मांडव आहे," असं सांगत उन्हात फिरत होते. कुणी उठेना. तिसऱ्या फेरीला त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते डुलायला लागले. सिस्टर झटक्यात उठल्या. गुडघे-बिडघे कुठे गेले कोण जाणे. "बस! बस म्हणतो ना!" त्यांनी बाबूंना आपल्याच खुर्चीत दाबून बसवलं. नाडी पाहायला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून पुठ्ठा बाबूंच्या हातात दिला. "हे धर जरा. सोडू नको."

चाळीस वर्षं ज्यांच्या हुकमाखाली डॉक्टरसुद्धा होते, त्यांचा हुकूम. बाबूंनी पुठ्ठा छातीशी घट्ट धरला. गावातल्या बातमीदाराने त्याच क्षणापासून फोटो काढायला सुरुवात केली.

मीठ-साखरेचं पाणी पाजून बाबू जरा शुद्धीवर येईपर्यंत पाळकसाहेब बाहेर आले. तरुण माणूस, नवीनच आलेला. आत कुणी नाही म्हटल्यावर करतो काय? माईकही मांडवातच होता. त्यांनी विजयाची प्रार्थना तीन पानांवर लिहून आणली होती. पहिलं पान उघडलं, "हे सेनाधीश परमेश्वरा," एवढं म्हटलं आणि माझ्या कूलरने ती तिन्ही पानं उडवली. एक पान गुंडात पडलं, एक मंदिराच्या ट्रस्टींच्या बुटाखाली गेलं, तिसरं अजून सापडलेलं नाही. फागूने दोन आणून दिली, त्यातलं एक ओलं.

पाळकसाहेबांनी ओलं पान उलटसुलट करून पाहिलं. दोनशे माणसं पाहत होती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि जी प्रार्थना पाठ होती ती म्हणायला सुरुवात केली. ती चर्चमध्ये सगळ्यांनाच पाठ असते, लहानपणापासून. सगळे बरोबर म्हणायला लागले, सिस्टरही, आणि पुठ्ठा धरलेले बाबूही. आजची भाकर दे, असं तिच्यात आहे. आम्ही जसं दुसऱ्यांना माफ केलं तसं तू आम्हाला माफ कर, असंही आहे. मी लक्ष देऊन ऐकलं. शत्रूचा नायनाट कर, असं तिच्यात कुठे बसतच नव्हतं.

मग सुभेदारांच्या भाषणाची पाळी आली. ते सिस्टरच्या शेजारीच बसले होते आणि मघापासून त्यांचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. ते उठले, माईकजवळ गेले.

"मले भाषण देता येत नाही," ते म्हणाले. "मी लढाईत होतो."

एवढंच. परत येऊन बसले. भाषण यापेक्षा लहान मी माझ्या मांडवात ऐकलेलं नाही, आणि त्या उन्हाळ्यातलं तेवढं एकच मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: पुठ्ठा छातीशी धरून डोळे मिटून बसलेले सालोमन बाबू, बाजूला पाळकसाहेब, मागे माझ्या दोनशे खुर्च्या भरलेल्या. खाली छापलं होतं, 'युद्धप्रार्थनेविरोधात चर्चबाहेर मूक धरणे; सचिवांचे नेतृत्व.' मंदिराचे ट्रस्टीही दिसत होते. त्यांना त्यांच्या मंदिरात काय उत्तर द्यावं लागलं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी कमिटी बसली. विषय एकच, फाटकाबाहेर बसलेल्यांची नावं वहीतून कमी करणे. वही उघडली. फाटकाबाहेर कोण बसलं होतं? सगळेच. पेपरात पुरावा होता. सिस्टरचं नाव काढायचं तर आधी बाबूंचं काढावं लागत होतं, त्यांच्या हातात तर पुठ्ठाच होता. पाळकसाहेबांचं काढावं लागत होतं. वहीत राहिले असते ते फक्त त्या दिवशी आजारी असलेले चौघे. बाबूंनी तीन पेनांपैकी एक काढलं आणि लिहिलं, 'विषय तहकूब.' कमिटीत एखादी गोष्ट मारायची असते तेव्हा तिला तहकूब म्हणतात. कोरा अर्धा दगड कोराच राहिला, आणि ज्याचा होता त्याचाच राहिला.

सभेनंतर तेराव्या दिवशी नातवाचा फोन आला. तोवर टीव्हीवरचे लोक दुसऱ्या विषयाकडे वळले होते.

इकडे माझं नाव झालं. नागपूरच्या कुठल्याशा शांतता मंडळाने मला बोलावलं. 'दडपणाला न जुमानता शांततेच्या बाजूने मांडव घालणारा श्रमिक' म्हणून शाल, श्रीफळ दिलं. मी घेतलं. धैर्य म्हणजे काय, यावर वीस मिनिटं बोललोही. घरी आल्यावर शाल पाहून बायकोने विचारलं, "खड्ड्यायचं सांगतलं का तिथं?"

"नाही."

"मग वीस मिनिटं काय सांगतलं?"

शाल मी कपाटात ठेवली. पण सिस्टरचा तो भर रस्त्यातला आशीर्वाद कपाटात मावत नव्हता. मी एक खुर्ची नाकारलेला माणूस, आणि दोनशे एकांचा आशीर्वाद खाऊन बसलेलो. नाताळला चर्चचा मांडव पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी बाबूंनी आवारात स्वतः चुन्याने रेघा आखून ठेवल्या होत्या आणि फागू खड्डे करेपर्यंत खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. काम उरकून मी मागे कब्रस्तानात गेलो. सिस्टर नातवाने आणलेल्या पाण्याने दगड धूत होत्या, दोन्ही अर्धे. नातू बादली भरायला गेला.

"सिस्टर, एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "तो उन्हाळ्यातला मांडव..."

"खड्डे तयार होते म्हनून भायेर पडला," त्या म्हणाल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुम्हाले कोणं सांगतलं?"

"फागूनं. त्याच दिवशी सकाळी, तू यायच्या आंधी."

"मग सगळ्यायसमोर आशीर्वाद कायले देला?"

"नाही देला असता तं तू मांडो हलवला असता."

त्यांनी फडकं पिळलं, कोऱ्या भागावरून एकदा फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"जानूनबुजून देनारा मानूस असता तू प्रल्हाद, तं बुधवारीच एक खुर्ची देली असती."